पाखल्यांच्या (पोर्तुगिजांच्या) राज्यात गोव्यातल्या तरुणांनी काय राखले, आणि कसे?

कुळागर (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्या भाचीला शाळेत ‘पोर्तुगीज राजवटीतील तरुणांचा प्रतिकार’ हा विषय प्रकल्पासाठी मिळाला आहे. तिने केलेली यादी चांगली आहे. १८ जून १९४६ची मडगावची सभा, आझाद गोमंतक दल, १९५५चा सत्याग्रह, अस्नोड्याचे हुतात्मा बाळा राया मापारी, मोहन रानडे हे सारे तिने नीट मांडले आहे. माझी आई आता सत्याऐंशी वर्षांची आहे. तिने ती यादी वाचून घेतली आणि एकच विचारले, “ही मुले पोलिसांसमोर जाऊन घोषणा देण्याइतकी आपली उरली होती, ती कशामुळे?”

हा प्रश्न माझ्या मनातून जाईना, म्हणून येथे मांडतो आहे. आई डिचोली तालुक्यातल्या ज्या शाळेत शिकली, तिथे पोर्तुगालच्या नद्या पाठ करून घेत असत. तेजू, दोरू, मोंदेगू, ग्वादियाना ही नावे ती अजून एका दमात म्हणते. घरामागून वाहणाऱ्या ओहोळाचे पाणी कुठे जाऊन मिळते, हे मात्र तिला शाळेत कधी कोणी सांगितले नाही. अशा शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांनी आपली भाषा, आपले सण, आपली गाणी कशी राखली? माझे मत असे आहे की सत्याग्रहाच्या कितीतरी आधीपासून देवळांच्या अग्रशाळांत (देवळाच्या आवारातल्या यात्रेकरूंच्या निवासांत), मराठी शाळांत आणि वाचनालयांत हा प्रतिकार सुरू झाला होता. आपल्या घरच्या आठवणी असतील तर कृपया सांगाव्यात.

मांडवीतीर

कुळागरबाब, आपल्या मताशी मी सहमत आहे आणि त्याला एक ठोस उदाहरण देतो. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ची आहे. घरोघरी रोज मूठभर तांदूळ बाजूला काढायचे आणि त्यांतून शाळा चालवायची, ही कल्पना तिच्या नावातच आहे. सरकारने शाळा दिली नाही तर आपण काढू, एवढा साधा विचार त्यामागे होता. पुढे १९१०च्या ऑक्टोबरात पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदूंवरचे निर्बंध उठले आणि आपल्या लोकांनी त्या मोकळ्या हवेचा पुरेपूर उपयोग केला. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ पत्र १९१२मध्ये सुरू झाले, ते याच काळात. ज्या मुलांनी १९४६मध्ये मडगावात घोषणा दिल्या, त्यांचे वडील या वातावरणात वाढले होते.

सातेरीची लेक

माझ्या आजोबांची आठवण सांगते. ते फोंडा महालातले. दिवसा पोर्तुगीज शाळेत ‘प्रिमैरू ग्रांव’ या प्राथमिक परीक्षेची तयारी चाले, कारण ती परीक्षा दिल्याशिवाय सरकारी कचेरीत साधी शिपायाचीसुद्धा आशा धरता येत नसे, असे ते सांगत. संध्याकाळी दिवेलागणीनंतर देवळाच्या अग्रशाळेत शेणैमामा, म्हणजे गावचे पंतोजी, मराठी शिकवीत. पाटीवर बाराखडी, तोंडी पाढे, मनाचे श्लोक आणि शेवटी कोणत्यातरी पोथीतली पाच-दहा पाने. शेणैमामांना पगार म्हणजे घरटी थोडे भात आणि नारळ. आजोबा म्हणत, “दिवसाच्या शाळेत आम्ही नोकरी शिकलो आणि रात्रीच्या शाळेत आम्ही कोण ते शिकलो.” जत्रेच्या रात्री हीच मुले नाटक करीत. स्त्रीपार्टही तीच करीत आणि पाठांतर इतके चोख असे की प्रॉम्प्टरला झोप लागली तरी प्रयोग अडत नसे. आजोबा सत्याग्रहाला गेले नाहीत. त्यांना आपण प्रतिकार केला असे कधी वाटलेही नाही, परंतु कुळागरबाबांच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्यात दिसते.

साष्टीकार

या धाग्याचा विषय मला जवळचा आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. कोणी गैरसमज करून घेऊ नये. आतापर्यंतच्या प्रत्येक उत्तरात देऊळ आहे, अग्रशाळा आहे, पोथी आहे. मी साष्टीतल्या ख्रिस्ती घरातला आहे. आमच्या पूर्वजांकडे यांतले काहीच उरू दिले गेले नव्हते. मग आम्ही प्रतिकार केला नाही, असे म्हणायचे का? १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा चांदरचे. सांस्कृतिक गुलामगिरीवर सर्वांत कठोर शब्दांत लिहिणारेही तेच. गोमंतकीयांच्या विराष्ट्रीकरणावरची त्यांची पुस्तिका १९४४ची आहे, आणि तिचा रोख प्रामुख्याने आमच्याच समाजातल्या, फिरंगी रीत म्हणजेच सुधारणा असे मानणाऱ्या वर्गावर आहे. स्वतःच्या माणसांना आरसा दाखवण्याचे हे धैर्य भाचीच्या प्रकल्पात आले पाहिजे. १८ जूनच्या सभेचे नेते डॉ. राममनोहर लोहिया ज्यांच्या घरी उतरले होते, ते डॉ. ज्युलियांव मिनेझिस असोळण्याचे. दोघांची मैत्री बर्लिनमध्ये विद्यार्थी असतानाची. दोन तरुणांची परदेशातली ती ओळख नसती, तर मडगावची १८ जूनची सभा कदाचित वेगळ्याच दिवशी, वेगळ्याच माणसांनी घेतली असती.

कुळागर

साष्टीकारबाब, आपले म्हणणे योग्य आहे. माझ्या प्रश्नातच ती उणीव होती आणि ती दाखवून दिल्याबद्दल मी आपला आभारी आहे. ख्रिस्ती घरांतून काय राखले गेले, हे आपणच अधिक सांगावे, अशी विनंती.

म्हादईकाठ

त्याआधी थोडा काळाचा क्रम लक्षात घ्यावा, कारण जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी, म्हणजे फिरंग्यांनी आधी आणि नंतर जिंकलेले मुलूख, यांचा इतिहास एक नाही. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी सोळाव्या शतकातच फिरंग्यांकडे गेल्या. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले आणि तोवर सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणूनच सोळाव्या शतकात, हे महाल फिरंग्यांच्या ताब्यात नसताना, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. देवांनी जिथे आसरा घेतला, तिथेच पुढे शेणैमामांच्या शाळा टिकल्या. कुळागरबाब, आपल्या आईचे डिचोली आणि साष्टीकारांचे गाव यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

आता भाषेविषयी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६मध्ये रायतूरला छापले गेले, ते मराठीत आणि ओवी छंदात. म्हणजे त्या वेळी धर्मप्रसारकांनाही इथल्या माणसाच्या काळजापर्यंत पोहोचायला ओवीच लागली. त्यानंतर अवघ्या ६८ वर्षांनी, १६८४मध्ये, विजरई (व्हाइसरॉय) कोंद द आल्वोर यांनी हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. १७३६मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, आणखी हुकूम काढून लग्नातल्या ओव्या, हळद लावणे, विडा देणे, दारातली तुळस यांवर बंदी घातली. एवढे बारीकसारीक लिहून बंदी घालावी लागली, याचाच अर्थ असा की धर्मांतराला दीडेकशे वर्षे होऊन गेल्यावरही लोक हे सारे करीत होते. दंडाची यादी वाचताना मला ती आपल्या चालीरीतींची नोंदवही वाटते.

आबोलीची वेणी

म्हादईकाठ यांनी ओव्यांचा विषय काढला, म्हणून लिहिते. माझे सासर बार्देशातले ख्रिस्ती आणि माहेर हिंदू. लग्नाआधी मला वाटत होते की मी परक्या रिवाजात जाते आहे. प्रत्यक्षात माझ्या नणंदेच्या लग्नात चुडा भरण्याचा विधी पाहिला आणि मी थबकले. मामाच्या घरी कासार बोलावलेला, हिरव्या बांगड्या, सगळ्या बायका भोवती बसलेल्या. हळद लावत नाहीत, परंतु ‘रोस’ म्हणून नारळाचा रस अंगाला लावतात आणि त्या वेळी म्हाताऱ्या बायका जी गाणी म्हणतात, ती चालीने ओवीच असते. सासूबाईंना मी विचारले की हे कोणी शिकवले. त्या म्हणाल्या, “आमच्या आवयेन (आईने).” त्यापलीकडे त्यांच्याकडे उत्तर नव्हते आणि त्यांना त्याची गरजही वाटली नाही.

हे विधी चालू ठेवणाऱ्या मुली पंधरा-सोळा वर्षांच्या असत. भाचीच्या विषयातला ‘तरुण’ हा शब्द त्यांनाही लागू पडतो, असे मला वाटते.

साष्टीकार

आबोलीबाय, मला जे सांगायचे होते ते आपण माझ्यापेक्षा चांगले सांगितले.

रापणकार

माझे मत थोडे निराळे आहे. अग्रशाळा, वाचनालये, मुष्टिफंड यांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु त्या अग्रशाळेत कोण बसत होते? माझ्या आजोबांना देवळाच्या पायरीच्या आत जाता येत नसे. शेणैमामांची मराठी त्यांच्या कानावर पडली ती आवाराबाहेरून. आमच्या वाड्यावरच्या मुलांनी जे राखले ते पोथीतून आलेले नव्हते. शिगम्यातले रोमट, धालो, फुगड्या, जागर हे नाचगाण्याचे आणि लोकनाट्याचे प्रकार आमचे होते. शिवोलीच्या गावडेवाड्यावरचा जागर आजही हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात, आणि तो ज्यांनी शतकानुशतके चालवला त्यांच्यापैकी बहुतेकांना कोणत्याच लिपीत सही करता येत नव्हती. संस्कृती जपणे म्हणजे लिहिता-वाचता येणे असे गृहीत धरले, तर आमची माणसे या धाग्यातून पुन्हा बाहेर राहतील. भाचीने हे लिहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सातेरीची लेक

रापणकारबाब, आपण लिहिलेले मी दोनदा वाचले. माझ्या आजोबांच्या त्या शाळेत कोण नव्हते, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. आता विचारता येत नाही, याचे मला वाईट वाटते.

जुनी पाटी

मी निवृत्त शिक्षक आहे आणि माझे शिक्षण पणजीच्या लिसेंवात (पोर्तुगीज माध्यमिक शाळेत) झाले. या चर्चेत पोर्तुगीज शिकणे म्हणजे शरणागती, असा सूर हळूहळू येऊ लागला आहे. तो मला मान्य नाही. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारने १९३०मध्ये जो वसाहत कायदा आणला, त्यात एतद्देशीयांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगालचे कार्य असल्याचे लिहिले होते. त्याविरुद्ध त्याच वर्षी इथल्या विधिमंडळात उभे राहून बोलले ते लुईस द मिनेझिस ब्रागांझा, आणि बोलले ते उत्तम पोर्तुगीजमध्ये. ज्या भाषेत अपमान झाला त्याच भाषेत त्याला उत्तर मिळाले. १७ फेब्रुवारी १९५४च्या रात्री एका मेजवानीत वक्त्याने गोवा म्हणजे पोर्तुगालच आहे अशा अर्थाचे विधान केले, तेव्हा म्हापशाचे शल्यचिकित्सक डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी जागच्या जागी निषेध नोंदवला. तेवढ्यासाठी त्यांना अटक करून पोर्तुगालला पाठवले गेले. त्यांचे शिक्षणही लिस्बनचे होते.

आमच्या पिढीतल्या मुलांना पोर्तुगीज कविता आवडत. मलाही आवडत आणि अजूनही आवडतात. एका वर्गमित्राचे सांगतो. तो वर्गात पोर्तुगीज निबंधात पहिला येत असे आणि रात्री त्याच दौतीच्या शाईने पत्रके लिहीत असे. एके दिवशी तो शाळेत आला नाही. दोन महिन्यांनी कळले की तो आग्वादच्या तुरुंगात आहे. तो सुटून आल्यावर भेटलो तेव्हा त्याने मला आधी कोणती पुस्तके वाचलीस हे विचारले, मग बाकीचे.

१९५१मध्ये घटना बदलून त्यांनी आपल्याला ‘सागरापलीकडचा प्रांत’ म्हटले. वसाहतच नाही म्हटल्यावर स्वातंत्र्याचा प्रश्नच उरत नाही, असा तो युक्तिवाद होता. या युक्तिवादाला उत्तर द्यायचे तर पोर्तुगीज समजणारी मुलेच हवी होती.

पत्रादेवी

जुनी पाटी सरांच्या लिखाणाने माझ्या वडिलांची आठवण झाली. ते बेळगावला शिकायला होते आणि सुटीत घरी येताना पुस्तके आणत. सरहद्दीच्या नाक्यावर ट्रंक उघडून पाहत असत. एकदा त्यांनी एका मासिकाचे अंक सुटे करून पापडांच्या थरांत ठेवले होते. पापड गावात पोहोचले तेव्हा सगळ्यांना शाईचा वास येत होता, आणि आजीने ते तळून वाढले तरी कोणी तक्रार केली नाही, असे ते सांगत.

लक्षात घ्या, त्या काळी छापील मजकूर परवानगीशिवाय काढता येत नसे. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडे दाखवाव्या लागत. मुलीच्या लग्नाला या, एवढे सांगायलाही सरकारचा शिक्का! १८ जून १९४६ला मडगावात पावसात जमलेल्या लोकांनी जे मागितले, ते सर्वांआधी बोलण्याचे आणि जमण्याचे स्वातंत्र्य होते, हे या पार्श्वभूमीवर समजते. त्यानंतरच्या दिवसांत वत्सला कीर्तनी या तरुणीला अटक झाली तेव्हा मडगावच्या बायका थेट पोलीस ठाण्यावर गेल्या. भाचीच्या यादीत हे नाव दिसले नाही, ते घालावे.

दिवजां

आणि लिबिया लोबो यांचेही. मला या चर्चेत त्यांचा उल्लेख अजून कसा आला नाही याचेच आश्चर्य वाटते. वामन सरदेसाई आणि त्या, अशा तरुणांनी २५ नोव्हेंबर १९५५ला ‘गोंयचे सडवणेचो आवाज’ हे भूमिगत नभोवाणी केंद्र सुरू केले. तारीख मुद्दाम निवडलेली दिसते, कारण आल्बुकेर्कने गोवा घेतला तो २५ नोव्हेंबर १५१०. आंबोलीच्या रानातून आणि पुढे कॅसलरॉकहून ते जवळजवळ सहा वर्षे कोंकणी आणि पोर्तुगीजमध्ये बोलत राहिले. मुलीने घरदार सोडून रानात राहायचे, तेही १९५५मध्ये, याचा विचार करावा. गोव्यातली माणसे दारे-खिडक्या लावून, आवाज कमी करून ते ऐकत. आमच्या शेजारच्या घरी रेडिओ होता. त्या वेळी आम्हां मुलांना अंगणात खेळायला बसवत आणि कोणी अनोळखी माणूस येताना दिसला तर मोठ्याने भांडण काढायचे, असे ठरलेले होते. आम्ही कितीतरी वेळा उगीचच भांडलो.

रोमटामेळ

मराठी की कोंकणी, हा प्रश्न कोणी काढला नाही, पण तो टाळून पुढे जाणेही बरे नाही. पोर्तुगिजांविरुद्ध मराठी शाळा उभ्या राहिल्या हे खरे आहे. त्याच काळात डिचोलीत जन्मलेले शणै गोंयबाब कोंकणीसाठी आयुष्य वेचत होते, हेही खरे आहे. आणि १९६७च्या जनमत कौलात आपल्यापैकी बहुसंख्यांनी महाराष्ट्रात विलीनीकरण नाकारले. मग मराठीला सांस्कृतिक प्रतिकाराची भाषा म्हणताना आपण कोंकणीला काय म्हणणार?

म्हादईकाठ

रोमटामेळ, प्रश्न रास्त आहे, पण १९६७चा वाद मुक्तीनंतरचा आहे आणि या धाग्याचा काळ मुक्तीपूर्वीचा. त्या काळापुरते बोलायचे तर कवी बाकीबाब बोरकर मराठीतही लिहीत होते आणि कोंकणीतही, आणि दोन्हींत गोवाच लिहीत होते. घरी कोंकणी, देवळात मराठी, कचेरीत पोर्तुगीज असे तीन पदर एकाच तरुणाच्या अंगावर होते. त्यांतले पहिले दोन एकमेकांशी भांडत आहेत असे त्याला त्या वेळी वाटत नव्हते.

सातेरीची लेक

मोहन रानड्यांविषयी एक ओळ. ते मूळचे सांगलीचे मनोहर आपटे. आमच्या सावई-वेऱ्याला ते आले ते मराठीचे शिक्षक म्हणून. १९५५च्या बेती पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर, १९६९च्या जानेवारीत, पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले. त्यांच्या हाताखाली बाराखडी गिरवलेली माणसे आमच्या गावात अजून आहेत. त्यांना विचारले तर ती हल्ल्याआधी अक्षराविषयी बोलतात. मास्तर वळणदार अक्षर नसेल तर पूर्ण पान पुन्हा लिहायला लावीत, असे.

कुळागर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. रापणकार यांचे उत्तर वाचल्यापासून मी अस्वस्थ होतो, म्हणून काल आईलाच तिचा प्रश्न परत विचारला. “तू मराठी कुठे शिकलीस?” तिचे उत्तर मला आजवर माहीत नव्हते.

आमच्या गावच्या अग्रशाळेत मुलींना बसवत नसत. थोरला मामा रात्री घरी येऊन धडा मोठ्याने घोकत असे आणि आई शेजारी तांदूळ निवडत बसलेली असे. सुपात तांदूळ पसरून ती बोटाने अक्षर काढी, आणि आजी येण्याची चाहूल लागली की सूप पाखडून पुसून टाकी. मामाला हे कळले तेव्हा तो ओरडला नाही. तो घोकताना सावकाश घोकू लागला. पुढे हाच मामा १९५५मध्ये पकडला गेला, त्याला मार बसला आणि त्याची नोकरी गेली. तुरुंगातून त्याने पाठवलेली चिठ्ठी घरात वाचू शकणारी एकटी आई होती, कारण आजोबा तोवर वारले होते आणि आजीला अक्षरओळख नव्हती. तिने ती आजीला वाचून दाखवली आणि आजीला त्या दिवशी समजले की लेकीला वाचता येते.

मी विचारले, “आजी काय म्हणाली?” आई म्हणाली, “परत वाच म्हणाली.”

भाची हे सगळे शेजारी बसून लिहून घेत होती. यादीतल्या नावांत तिने वत्सला कीर्तनी आणि लिबिया लोबो यांची भर घातली आहे. शिवोलीच्या जागराविषयी तिला वाड्यावरच्या जाणत्या माणसांशी बोलायचे आहे. रापणकारबाब, आपण कोणाकडे घेऊन जाऊ शकाल का?

रापणकार

अवश्य. रविवारी सकाळी या. माझी आत्या जागराची गाणी म्हणते, पण ती लिहून घेऊ देत नाही. ऐकून पाठ करावी लागतील, एवढे भाचीला आधीच सांगून ठेवा.